जॅकी रॉबिन्सनचा फोटो आणि खालच्या पायरीवरची पोरं

दरवर्षी 14 एप्रिलची मिरवणूक आटोपते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी जॅकी रॉबिन्सनचा फोटो टाकतो. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून तो मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली साठ वर्षांची वर्णबंदी मोडली. खाली जय भीम, क्रांतिकारी अभिवादन वगैरे येते, ते यायलाच हवे. बाबासाहेबांच्या जयंतीला लागून रॉबिन्सनचा दिवस येतो हा योगायोग आम्हालाही आवडतो. पण मित्रांनो, पहिला माणूस आत गेला हे साजरे करताना त्याच्या मागून किती गेले, कोणत्या दाराने गेले आणि किती पगारावर गेले, हे आपण विचारत नाही. आपल्याकडच्या ‘पहिल्या’ माणसांबाबतही विचारत नाही. समाजशास्त्रात एमए करताना वंश आणि जात यांच्या तुलनेवर आम्ही पुष्कळ वाचले, टिपणे काढली, पेपर लिहिले. त्या वाचनात पगाराचा तक्ता मात्र क्वचितच भेटला.

तो तक्ता मायनर लीगमध्ये आहे. ही रचना आधी समजून घ्या. अमेरिकेत मेजर लीगचे 30 क्लब आहेत. प्रत्येक क्लबच्या खाली चढत्या क्रमाने संघ असतात: सर्वात खाली रूकी, मग लो-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. खेळाडूचा करार वरच्या क्लबशी असतो, पगारही तोच देतो. मुलगा मात्र वर्षानुवर्षे खालच्या गावांत, बसने रात्री-अपरात्री प्रवास करत खेळतो. ही ‘फार्म’ पद्धत उभी करण्यात ब्रँच रिकी या माणसाचा वाटा सर्वात मोठा. सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार पाहताना 1920 आणि 30 च्या दशकांत त्याने हिशोब मांडला की तयार खेळाडू महागात विकत घेण्यापेक्षा शेकडो कोवळी पोरं स्वस्तात बांधून ठेवावीत. त्यातली मूठभर पिकली तरी पैसे वसूल. हाच रिकी पुढे डॉजर्समध्ये गेला आणि त्यानेच रॉबिन्सनला आणले. रॉबिन्सन तेव्हा निग्रो लीगच्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता. त्या संघाला रिकीने एक डॉलरही दिला नाही. समतेचा दरवाजा उघडणारा आणि फुकटात माल उचलणारा माणूस एकच होता, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. आपल्या चळवळीतल्या काहींना असे दुहेरी सत्य पचत नाही, पण इतिहास असाच असतो.

वर्णबंदी घातली गेली तीही मायनर लीगमध्ये आणि मोडली गेली तीही तिथेच. 14 जुलै 1887 रोजी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवले की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. त्याच दिवशी शिकागोचा गोरा कर्णधार कॅप अॅन्सन याने काळा पिचर जॉर्ज स्टोव्ही याच्याविरुद्ध खेळायला नकार दिला होता. पुढे कुठे कायदा झाला नाही, लेखी नियम नाही. ‘सभ्य गृहस्थांचा समझोता’ एवढेच त्याचे नाव. लेखी नियमाशिवाय बहिष्कार कसा चालतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्या शहराच्या मोठ्या संघांत एकही काळा खेळाडू नव्हता. त्यानंतर तीस वर्षांनी, एप्रिल 1946 मध्ये, रॉबिन्सन इंटरनॅशनल लीगमध्येच माँट्रियल रॉयल्सकडून पहिला सामना खेळला. त्याच महिन्यात इकडे दिल्लीत बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण माणूस आत येणे हा एक प्रश्न आणि आत आल्यावर त्याला पोटभर मजुरी मिळणे हा दुसरा, हे वेगळे करून पाहायला ही जोडी आम्हाला उपयोगी पडते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मायनर लीगमध्ये पहिला प्रश्नच अनेक वर्षे सुटत नव्हता. हँक अॅरन 1953 मध्ये जॅक्सनव्हिलकडून खेळला आणि साउथ अटलांटिक लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या पहिल्या काही खेळाडूंत त्याचे नाव लागले. पण सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली नव्हती, त्यांच्या टेबलावर ताट नव्हते. सदर्न असोसिएशन नावाच्या लीगने 1954 मध्ये एका काळ्या खेळाडूला जेमतेम दोन सामने खेळवले आणि परत पाठवले. पुढे 1961 नंतर ती लीग बंद पडली, पण दार उघडले नाही.

कर्ट फ्लडचा एक अनुभव आम्ही अभ्यासवर्गात सांगतो तेव्हा पोरं एकदम गप्प होतात. दक्षिणेत एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला संपल्यावर सगळ्यांनी घामाचे गणवेश धुलाईसाठी एका ढिगात टाकले, फ्लडनेही टाकला. तिथल्या कामगाराने काठीने त्याचा गणवेश ढिगाबाहेर उचलून काढला आणि दूरच्या, काळ्यांच्या लाँड्रीत पाठवला. बाकीचे धुतलेले कपडे घालून मैदानात गेले आणि हा उघडा बसून राहिला. काठीने! विटाळ हा शब्द इंग्रजीत नसेल, पण ती काठी आपल्या ओळखीची आहे.

याच फ्लडने पुढे, मेजर लीगमध्ये वर्षाला 90 हजार डॉलर कमावत असताना, डिसेंबर 1969 मध्ये बेसबॉलच्या कमिशनरला पत्र लिहून कळवले की मला न विचारता एका क्लबने दुसऱ्याला विकायला मी मालमत्ता नाही. पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच, असे तो उघड बोलला. तो सुप्रीम कोर्टात 1972 मध्ये 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. कारण 1922 मध्ये याच कोर्टाने निकाल दिला होता की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही. सर्व उद्योगांना लागू असलेला कायदा या एका धंद्याला नाही! पुढे 1998 मध्ये संसदेने फ्लडच्याच नावाने कायदा केला, मेजर लीगच्या खेळाडूंना त्या सवलतीतून सोडवले, आणि मायनर लीगच्या खेळाडूंना जिथल्या तिथे ठेवले. ज्याचा गणवेश मायनर लीगमध्ये काठीने उचलला गेला त्याच्या नावाच्या कायद्यात मायनर लीगच नाही.

आता पगार. 2022 पर्यंतचे वर्षाचे आकडे असे: सर्वात खालच्या पायरीवर सुमारे 4,800 डॉलर, ए पातळीवर 11,000, डबल-ए ला 13,800, ट्रिपल-ए ला 17,500. रुपयांत गुणाकार करून ‘बरं आहे की’ म्हणू नका. त्या वर्षी अमेरिकन सरकारची एकट्या माणसासाठीची दारिद्र्यरेषा 13,590 डॉलर होती. म्हणजे डबल-ए पर्यंत चढलेला, लाखांतून निवडलेला खेळाडू जेमतेम त्या रेषेवर. पगार फक्त हंगामाच्या महिन्यांचा. हंगामाआधीच्या सराव शिबिराचा पगार नव्हता. तिथे दिवसभर राबायचे ते फुकट. एका खोलीत पाच-सहा जण, जमिनीवर हवेच्या गाद्या, हंगाम संपला की गोदामात हमाली किंवा घरोघर पार्सल पोचवणे. वरच्या मजल्यावर मात्र 2023 मध्ये किमान पगार 7 लाख 20 हजार डॉलर होता. दोन्ही पगार एकाच क्लबच्या तिजोरीतून.

मालकांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ही नोकरी नव्हे, उमेदवारी आहे; सरावाचा लाभ तर खेळाडूलाच होतो, मग त्याचे पैसे कसले? हे त्यांच्या वकिलांनी कोर्टात मांडले. आम्ही सामाजिक कामात बारा-तेरा वर्षे काढली, त्यामुळे हे ऐकून हसू आले. आमच्या क्षेत्रात पगार हा शब्दच नसतो, ‘मानधन’ असते. एका प्रकल्पावर आम्ही वस्त्यांचे सर्वेक्षण करत होतो. सकाळी सात ते रात्री नऊ, आणि मानधन तीन-तीन महिने थकलेले. विचारले की उत्तर यायचे, ‘तुम्ही तर चळवळीतली माणसं, समाजासाठी करताय.’ ऑफिसात बसणाऱ्यांचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा व्हायचा. शिकाऊ, उमेदवार, सेवाभावी, स्वप्न पाहणारा. ज्याला ही नावे देतात त्याचा हिशोब वेगळ्या वहीत जातो. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकायचे. पगार महिना 4 रुपये, आणि फलंदाजी साहेबांनी करायची. (हेच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो विषय निराळा.)

मायनर लीगमधल्या पोरांनी हे इतकी वर्षे सहन का केले? इथे आम्हाला मूकनायकच्या पहिल्या अंकातला बाबासाहेबांचा मनोरा आठवतो. हिंदू समाज हा बहुमजली मनोरा आहे आणि त्याला शिडी नाही, ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरायचे, अशी ती मांडणी. बेसबॉलचा मनोरा वेगळा आहे. तिथे शिडी आहे आणि ती सगळ्यांना दिसते. खरोखर काही जण चढतातही. आणि आमचे म्हणणे असे की पगार कमी ठेवण्याचे काम ती शिडीच करते. उद्या वर जायचेच आहे, मग आज कटकट कशाला? तक्रार करणारा उद्या संघात नसतो, आणि त्याच्या जागी यायला दहा जण रांगेत असतात. बहुतेकांना वरचा मजला कधीच दिसत नाही. आपल्या वस्त्यांत स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये वर्षामागून वर्षे घालवणारी आणि मधल्या काळात कंत्राटावर पडेल त्या पैशात राबणारी पोरं पाहिली की या शिडीचा अर्थ लवकर कळतो.

शिडीवर सर्वांना सारखे पाय टाकता येत नाहीत, आणि वंशाचा प्रश्न इथून पगारात शिरतो. 1991 मध्ये मेजर लीगमध्ये आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू सुमारे 18 टक्के होते. 2023 मध्ये सुमारे 6 टक्के उरले. 2022 च्या अंतिम मालिकेत तर दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता, 1950 नंतर प्रथमच. कुणी बंदी घातली? कुणीच नाही. लहानपणापासून खासगी संघांतून गावोगाव स्पर्धा खेळायला हजारो डॉलर लागतात. अँड्र्यू मॅककचन या काळ्या खेळाडूने 2015 मध्ये यावर लेख लिहिला होता, गरिबाचा गुणी मुलगा पैशाअभावी निवड करणाऱ्यांच्या नजरेसच कसा पडत नाही ते. कॉलेजातही तेच: त्या काळात पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला फुटबॉलसाठी 85 पूर्ण शिष्यवृत्त्या, आणि बेसबॉलसाठी 11.7, त्याही तुकडे करून वाटायच्या. एवढे करून निवड झालीच तर पुढे चार-पाच वर्षे दारिद्र्यरेषेखालची मायनर लीग. बास्केटबॉल किंवा फुटबॉलमध्ये निवड झाली की पहिल्याच वर्षी घर उभे राहते. गरीब काळ्या कुटुंबाने काय निवडावे? घरून पैसे येणाऱ्याला कमी पगार ही चार वर्षांची गैरसोय असते. ज्याच्याकडूनच घरी पैसे जायचे असतात त्याला तो दरवाजावरचा पहारेकरी असतो.

मग रिकामी जागा कोणी भरली? मेजर लीगमध्ये आज सुमारे 30 टक्के खेळाडू लॅटिनो आहेत. सव्वा कोटीही लोकसंख्या नसलेल्या एकट्या डोमिनिकन रिपब्लिकमधून शंभराहून अधिक खेळाडू 2023 च्या सुरुवातीला तिथे होते. मायनर लीगमध्ये लॅटिन अमेरिकी मुलांचे प्रमाण याहून मोठे आहे. यातली कितीतरी मुले दिसायला आणि वंशानेही काळीच आहेत, आफ्रिकेतून साखरेच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांचे वारस. अमेरिकेच्या तक्त्यात ती ‘लॅटिनो’ रकान्यात जातात. रॉबिन्सनच्या आधी हा रकाना रंग पाहून चालायचा: 1911 मध्ये क्यूबाचे मार्सान्स आणि अल्मेइदा सिनसिनाटीकडून खेळले, कारण ते अस्सल स्पॅनिश रक्ताचे असल्याची खात्री पटवण्यात आली होती. त्याच क्यूबाचा मार्टिन दिहिगो, त्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, काळा म्हणून मेजर लीगमध्ये कधीच खेळू शकला नाही. वॉशिंग्टनचा क्लब 1930 च्या दशकापासून क्यूबातून गोरी दिसणारी मुले स्वस्तात आणत होता, आणि त्याच काळात काळ्यांना दार बंद होते. स्वस्त मजुरी आणि वर्णशुद्धी यांचे भांडण असते असे कुणी सांगितले तर त्याला हे उदाहरण द्यावे.

अमेरिकन मुलगा शाळा संपल्यावर ‘ड्राफ्ट’मध्ये येतो. डोमिनिकन मुलाचा करार 16 व्या वर्षी होऊ शकतो. त्यासाठी तो बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून ‘बुस्कोन’च्या हाताखाली जातो. बुस्कोन म्हणजे प्रशिक्षक, सावकार आणि मुकादम एकातच. तो खाऊ घालतो, तयार करतो आणि कराराच्या रकमेतून 30 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त कापून घेतो. ऊसतोड कामगारांना उचल देणारा मुकादम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माणूस चटकन ओळखू येईल. आणि गंमत म्हणजे सान पेद्रो दे माकोरिस, जिथून इतके खेळाडू आले, ते शहर साखर कारखान्यांचेच आहे. सॅमी सोसा तिथलाच. लहानपणी बूटपॉलिश करायचा, 1985 मध्ये 3,500 डॉलरवर सही केली. पुढे त्याने 600 च्या वर होमरन मारले, म्हणून नाव माहीत आहे. आज रकमा वाढल्या, पण तराजू तोच आहे: 2023 मध्ये ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या एका अमेरिकन पिचरला 92 लाख डॉलर मिळाले, आणि त्याच वर्षी परदेशातल्या सर्व मुलांवर मिळून खर्च करायला कोणत्याही क्लबला ठरवून दिलेला मूळ वाटा 70 लाखांच्याही आत होता.

अमेरिकेत आल्यावरही फरक राहतोच. गोरा सहकारी हंगाम संपल्यावर दुकानात काम धरू शकतो. डोमिनिकन मुलाचा व्हिसा खेळापुरता आणि त्या क्लबपुरता असतो. दुसरे काम केले तर कायदा मोडतो. तोच पगार, पण त्यातून अर्धा घरी पाठवायचा आणि जोडधंद्याचा दरवाजा बंद. समान वेतनाचा तक्ता सर्वांना समान नसतो तो असा. भारतातून 2008 मध्ये पिट्सबर्गने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल याच खालच्या पायऱ्यांवर खेळले. त्यांच्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला, आपल्या वर्तमानपत्रांनी ‘मिलियन डॉलर’ मथळे छापले, पायरीचा पगार कुणी छापला नाही.

लढा झाला तो खालून. गॅरेट ब्रोशुइस नावाचा पिचर सहा वर्षे मायनर लीगमध्ये घासला, मेजर लीग दिसली नाही, मग कायदा शिकला आणि 2014 मध्ये त्याने किमान वेतनासाठी खेळाडूंच्या वतीने दावा लावला. मालकांनी उत्तर कोर्टात दिले तसे संसदेतही दिले: मार्च 2018 मध्ये 2,232 पानांच्या खर्चाच्या विधेयकात 1,967 व्या पानावर एक तरतूद घुसवली, ‘सेव्ह अमेरिकाज पास्टटाइम अॅक्ट’. मायनर लीगच्या खेळाडूला हंगामात आठवड्याच्या 40 तासांपुरते किमान वेतन द्या, पुढचे तास मोजू नका. देशाचा खेळ वाचवायचा, तो पोरांच्या ओव्हरटाइममधून! तरीही दावा टिकला. 2022 मध्ये मालकांनी 18 कोटी 50 लाख डॉलरवर तडजोड केली. त्याच सप्टेंबरमध्ये हजारो खेळाडूंनी कार्डांवर सह्या करून युनियनमध्ये प्रवेश मिळवला आणि मार्च 2023 मध्ये पहिला सामूहिक करार झाला. रूकी पातळीचे 4,800 चे 19,800 झाले, ट्रिपल-ए चे 17,500 चे 35,800. एका कराराने दुप्पट, चौपट! संघटित व्हा आणि संघर्ष करा याचा याहून सरळ पुरावा आम्हाला हल्लीच्या काळात दिसलेला नाही.

पण एक विचारायलाच हवे. मेजर लीगच्या खेळाडूंची युनियन 1966 पासून बलदंड आहे, तिच्यात काळे होते, लॅटिनो होते, कोट्यधीश होते. त्यांनी मायनर लीगच्या पोरांना 56 वर्षे बाहेर का ठेवले? मुंबईच्या गिरणी संपात 1928 मध्ये बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांना विचारला होता: विणकामाच्या जास्त मजुरीच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला तुम्हीच येऊ देत नाही, मग कामगारांची एकजूट म्हणजे कोणाची? वरच्या पायरीवरच्या कामगाराला खालच्याच्या स्वस्त मजुरीचा थोडा तरी लाभ होतो आणि तेवढ्यापुरता तो मालकासारखा वागतो, मग त्याचा रंग कोणताही असो.

2023 च्या करारातही हे शिल्लक आहे. प्रत्येक क्लबला अमेरिकेत ठेवता येणाऱ्या मायनर लीग खेळाडूंची मर्यादा 180 वरून 165 वर आली; पगारवाढीची किंमत अशी काही पोरांनी नोकरीच्या रूपात चुकवली. खेळाडूला बांधून ठेवण्याची मुदत सात हंगामांवरून सहा झाली, ती फक्त 19 किंवा अधिक वयाला सही करणाऱ्यांसाठी. सोळाव्या वर्षी सही कोण करतो, हे वर आलेच आहे. आणि सर्वात खाली, रूकीच्याही खाली, डोमिनिकन समर लीग आहे. मेजर लीगच्या तीसही क्लबांचे संघ तिथे खेळतात, त्यांच्याच नावाच्या टोप्या घालून. ती मुले या युनियनमध्ये नाहीत आणि हा करार त्यांना लागू नाही. तो 2027 च्या हंगामापर्यंत चालेल. तोवर त्यांच्यातली बहुतेक एकोणीस-वीस वर्षांची होऊन, क्लबने सोडून दिल्यावर, शाळा अर्धवट टाकून घरी परतलेली असतील.